तासिकेत मोजलेले समाजशास्त्र : विद्यापीठीय विभागांतील हंगामी अध्यापनाची चिकित्सा

सारांश

महाराष्ट्रातील विद्यापीठे व संलग्न महाविद्यालये यांच्या समाजशास्त्र विभागांत तासिका तत्त्वावर अथवा कंत्राटी स्वरूपात होणाऱ्या नियुक्त्यांची चर्चा सामान्यतः आर्थिक व प्रशासकीय प्रश्न म्हणून केली जाते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ज्ञानव्यवहाराच्या अंगाने केला आहे. अध्यापकाचे काम केवळ तासिकेत मोजले गेल्यास समाजशास्त्राच्या ज्ञाननिर्मितीस आवश्यक असणारा दीर्घ काळ आणि सातत्य यांनाच बाधा येते. तसेच श्रमाच्या अनिश्चिततेचा अभ्यास करणाऱ्या या ज्ञानशाखेने स्वतःच्या विभागातील अनिश्चिततेकडे डोळेझाक करणे ही तिची पद्धतिशास्त्रीय उणीव ठरते, अशी येथील मांडणी आहे.

बीजसंज्ञा : तासिका तत्त्व, हंगामी अध्यापन, क्षेत्रकार्य, बदली कामगार, सेवासातत्य

१. प्रस्तावना

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला. १९२४ ते १९५९ या प्रदीर्घ कालखंडात गो. स. घुर्ये यांनी या विभागाची धुरा वाहिली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, आय. पी. देसाई, ए. आर. देसाई असे अभ्यासक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडले. भारतीय समाजशास्त्राच्या इतिहासात या परंपरेचा उल्लेख गौरवाने होतो व तो योग्यही आहे. मात्र ही परंपरा कोणत्या संस्थात्मक पायावर उभी राहिली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. व्यक्तिगत प्रतिभेइतकेच महत्त्व येथे एका साध्या गोष्टीला आहे. विभागात नियमित पद होते आणि त्या पदावरील व्यक्ती पुढील वर्षी, त्याच्या पुढील वर्षीही तेथेच असणार याची विद्यार्थ्याला खात्री होती. एकाच व्यक्तीकडे साडेतीन दशके विभागाचे प्रमुखपद राहण्याचे दोषही असतात. सत्तेचे केंद्रीकरण हा त्यांपैकी मुख्य होय. तथापि त्या दोषावरील उपाय म्हणून सातत्यच नष्ट करावे, असे कोणी म्हणणार नाही.

आज राज्यातील अनेक समाजशास्त्र विभागांत हे सातत्य उरलेले नाही. एखादा अध्यापक सेवानिवृत्त होतो, पद रिक्त राहते, कार्यभार मात्र कायम असतो. तो कार्यभार तासिका तत्त्वावरील अध्यापकांमध्ये वाटला जातो. मे २०१७ मध्ये राज्य शासनाने नव्या पदभरतीवर निर्बंध घातले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये महाविद्यालयांतील रिक्त सहायक प्राध्यापकपदांपैकी ४० टक्के पदे भरण्यास अनुमती दिली. उरलेल्या पदांचे अध्यापन थांबले नाही. केवळ ते करणाऱ्या व्यक्तीचे स्थान बदलले. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत समाजशास्त्राचा विभाग पुष्कळदा एकशिक्षकी असतो. तेथे एक पद रिक्त होणे म्हणजे संपूर्ण विभागच हंगामी होणे होय.

२. तासिकेचे गणित

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्यास किमान ४० तास, असा वर्षातील ३० आठवड्यांसाठी निश्चित केला आहे. त्यांपैकी सहायक प्राध्यापकाने प्रत्यक्ष अध्यापन करावयाचे तास १६ आहेत. याचा अर्थ स्पष्ट आहे. सोळा तास शिकवण्यासाठी आणखी चोवीस तासांचे वाचन, तयारी, उत्तरपत्रिका-परीक्षण, विद्यार्थ्यांशी चर्चा, संशोधन व विभागीय काम आवश्यक असते, हे आयोगानेच मान्य केले आहे. तासिका तत्त्वावरील मानधन मात्र केवळ वर्गात उभे राहिलेल्या तासाचे दिले जाते. म्हणजेच नियमित अध्यापकाच्या बाबतीत जे काम वेतनात अंतर्भूत आहे, त्यातील तीन-पंचमांश भाग हंगामी अध्यापकाच्या बाबतीत हिशेबातच धरला जात नाही. तो भाग अस्तित्वात नसतो असे नव्हे. तो विनामोबदला केला जातो किंवा केलाच जात नाही. पहिल्या पर्यायात अध्यापकाचे शोषण होते आणि दुसऱ्यात विद्यार्थ्याचे नुकसान.

याच नियमावलीने कंत्राटी नियुक्त्यांबाबत काही पथ्ये सांगितली आहेत. अशा नियुक्त्या अत्यावश्यक असतील तेव्हाच कराव्यात, त्यांची संख्या विद्यापीठातील वा महाविद्यालयातील एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक नसावी, पात्रता व निवडप्रक्रिया नियमित अध्यापकाप्रमाणेच असावी आणि मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी नसावे, ही ती पथ्ये होत. जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या नियमावलीच्या मसुद्यात या १० टक्क्यांच्या मर्यादेचा उल्लेख नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. परंतु मर्यादा कागदावर असतानाही ती टाळण्याचा मार्ग उपलब्ध होताच. ज्याला 'कंत्राटी' म्हटले नाही, 'तासिका तत्त्वावरील' म्हटले, तो कंत्राटी अध्यापकांच्या संख्येत मोजला जाण्याचे कारण उरत नाही. नामाभिधान बदलले की संरक्षणही बदलते.

या गणिताचा आणखी एक परिणाम आहे. हंगामी सेवा पुढील निवडीसाठी व पदोन्नतीसाठी अनुभव म्हणून ग्राह्य धरावयाची असल्यास २०१८ च्या नियमावलीत तीन प्रमुख अटी आहेत : पात्रता विहित पात्रतेपेक्षा कमी नसावी, नियुक्ती रीतसर निवड समितीच्या शिफारशीवरून झालेली असावी आणि मिळालेले एकूण मानधन नियमित अध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तिसरी अट विशेष विचारार्ह आहे. संस्थेने कमी मानधन दिले, म्हणून अध्यापकाचा अनुभव अग्राह्य ठरतो. कमी वेतन देणाऱ्याची चूक कमी वेतन घेणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. दहा वर्षे शिकवलेली व्यक्ती मुलाखतीस जाते तेव्हा नियमाच्या दृष्टीने ती नवखीच असू शकते.

३. वेबर, झिमेल आणि जोखमीचे स्वरूप

समाजशास्त्राच्या प्रत्येक पदव्युत्तर वर्गात मॅक्स वेबर शिकवला जातो. ज्ञानसाधना हा व्यवसाय म्हणून कसा असतो, या विषयावर त्याने १९१७ साली म्युनिक येथे दिलेले आणि १९१९ साली प्रसिद्ध झालेले व्याख्यान सुविख्यात आहे. त्यातील मूल्यनिरपेक्षतेची चर्चा परीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची मानली जाते. त्या व्याख्यानाचा आरंभ मात्र अध्यापकाच्या नोकरीच्या भौतिक परिस्थितीपासून होतो, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

वेबरने तेथे दोन पद्धतींची तुलना केली आहे. जर्मनीतील 'प्रिव्हाटडोझेंट' याला वेतन नसे. त्याच्या व्याख्यानांना येणाऱ्या विद्यार्थ्यांचे शुल्क एवढेच त्याचे उत्पन्न. परंतु एकदा अध्यापनाचा अधिकार प्राप्त झाल्यावर त्याला सहसा दूर करता येत नसे आणि काय शिकवावे याचे स्वातंत्र्य त्याला होते. अमेरिकेतील साहाय्यकाला आरंभापासून वेतन असे, पण ते अल्प असे, अध्यापनाचा भार मोठा असे आणि त्याला केव्हाही काढून टाकता येत असे. आधुनिक संशोधनसंस्थेतील साहाय्यकाची अवस्था उत्पादनसाधनांपासून तुटलेल्या कारखान्यातील कामगारासारखी होत चालली आहे, असे वेबरचे निरीक्षण होते.

या तुलनेच्या चौकटीत महाराष्ट्रातील तासिका तत्त्वावरील अध्यापकाला ठेवून पाहिल्यास तो दोहोंपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही. प्रिव्हाटडोझेंटप्रमाणे त्याला निश्चित वेतन नाही, पण त्याचे स्वातंत्र्य व सुरक्षितताही नाही. अमेरिकी साहाय्यकाप्रमाणे त्याला केव्हाही थांबवता येते, पण त्याचे मासिक वेतन नाही. दोन्ही पद्धतींतील जोखीम त्याच्याकडे आली आणि दोन्हींतील संरक्षण मागे राहिले. वेबरने विद्यापीठीय जीवनाला जुगाराची उपमा देण्याजोगे मानले होते. येथे तर डाव कधी संपणार हेही ठरलेले नाही.

अनिश्चिततेतही थोर कार्य होऊ शकते, असा युक्तिवाद येथे संभवतो आणि त्यासाठी गेऑर्ग झिमेलचे उदाहरण दिले जाऊ शकते. झिमेल १८८५ पासून बर्लिन विद्यापीठात प्रिव्हाटडोझेंट होता. पैशाच्या तत्त्वज्ञानावरील त्याचा ग्रंथ १९०० साली याच अवस्थेत प्रसिद्ध झाला. १९०१ मध्ये त्याला मिळालेले पद बिनवेतनी होते. पूर्ण प्राध्यापकपद त्याला १९१४ साली स्ट्रासबुर्ग येथे मिळाले आणि १९१८ साली तो निवर्तला. ज्यू असल्यामुळे त्याची उपेक्षा झाली, हे आज सर्वमान्य आहे. मात्र तो इतकी वर्षे टिकू शकला याचे एक कारण त्याला वारशाने मिळालेली संपत्ती हे होते. म्हणजे झिमेलच्या उदाहरणावरून अनिश्चितता प्रतिभेस पोषक असते असे सिद्ध होत नाही. बिनवेतनी व्यवस्थेत कोण टिकतो, एवढेच त्यावरून दिसते. ज्याच्या पाठीशी घर, शेती वा कमावता जोडीदार आहे तो प्रतीक्षा करू शकतो. इतरांना वाट बदलावी लागते.

४. बदली कामगार आणि बदली अध्यापक

श्रमाच्या समाजशास्त्रात मुंबईच्या कापड गिरण्यांतील 'बदली' कामगाराचा अभ्यास अटळ असतो. गिरणीच्या दारात सकाळी उभे राहावयाचे आणि गैरहजर कामगाराच्या जागी घेतले गेल्यास त्या दिवसाची मजुरी मिळवावयाची, असे त्याचे जीवन होते. कोणाला आत घ्यावयाचे हे पुष्कळदा जॉबर ठरवी आणि त्यासाठी दस्तुरीही घेई. जॉबरच्या या सत्तेस आळा घालण्यासाठी १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली. निवडक बदली कामगारांना कार्ड देण्यात आले आणि तात्पुरत्या जागा त्यांच्यामधूनच भराव्यात असे ठरले. ही योजना कामगारांच्या मुक्तीसाठी नव्हती. व्यवस्थापनाला शिस्त हवी होती. तरीही तिने एक गोष्ट मान्य केली. जो नेहमी बदलीवर येतो, त्याचा पुढील जागेवर काही हक्क निर्माण होतो.

तासिका तत्त्वावरील अध्यापकाजवळ असे कार्डही नसते. सलग पाच वर्षे एकच अभ्यासपत्रिका शिकवल्यानंतरही सहाव्या वर्षी त्याने पुन्हा अर्ज करावयाचा, पुन्हा मुलाखत द्यावयाची आणि जूनमध्ये आरंभ झालेल्या सत्राच्या तासिका प्रत्यक्ष केव्हा सुरू होतील याची वाट पाहावयाची. नियुक्ती व पुनर्नियुक्ती प्रत्यक्षात विभागप्रमुख, प्राचार्य वा संस्थाचालक यांच्या मर्जीशी निगडित राहिल्यास त्यांचे व अध्यापकाचे नाते सहकाऱ्याचे उरत नाही. विभागाच्या बैठकीत अभ्यासक्रमाबद्दल प्रतिकूल मत मांडणे, मूल्यांकनातील अनियमिततेवर बोट ठेवणे, या गोष्टी त्याला परवडत नाहीत. नॅक मूल्यांकनाच्या फायली, परीक्षेची कामे, कार्यक्रमांचे अहवाल अशी तासिकेबाहेरची कामे त्याने 'स्वेच्छेने' केली असे मानले जाते. या स्वेच्छेची समाजशास्त्रीय चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही तुलना उद्बोधक आहे. गिरणी कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याचा आधार होता. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा त्या कायद्यातील व्याख्येनुसार 'कामगार' नाही असा निर्णय दिला. अध्यापन हे उदात्त कार्य असल्याने ते कामगाराच्या कामात मोडत नाही, अशी धारणा समाजातही रूढ आहे. परिणामी हंगामी अध्यापकाला 'सर' वा 'मॅडम' हा मान मिळतो. मानाबरोबर येणारे संरक्षण मिळत नाही. दर्जा उच्च आणि करार हीन, ही विसंगती समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील दर्जा-विसंगतीच्या प्रकरणात उदाहरण म्हणून सहज शोभली असती. प्रत्यक्षात त्या प्रकरणात गिरणी कामगार येतो, ऊसतोड कामगार येतो, घरकामगार स्त्री येते; ते प्रकरण शिकवणारा अध्यापक सहसा येत नाही.

५. क्षेत्रकार्य आणि विभागाची स्मृती

तासिका हे मापक प्रत्येक विषयाला अपुरे आहे. समाजशास्त्राला ते विशेष घातक आहे. एम. एन. श्रीनिवास यांचे म्हैसूरजवळील रामपुरा या गावातील क्षेत्रकार्य सर्वपरिचित आहे. १९४८ साली त्यांना त्या गावात प्रदीर्घ वास्तव्य करता आले, कारण ऑक्सफर्ड विद्यापीठाने भारतीय समाजशास्त्राच्या अधिव्याख्यातापदावर त्यांची नियुक्ती करून पहिले वर्ष क्षेत्रकार्यासाठी मोकळे दिले होते. तासिकेच्या हिशेबाने त्या वर्षातील त्यांचे काम शून्य ठरले असते. त्या वास्तव्यावर आधारित त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९७६ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनंतर प्रकाशित झाला. गावाशी जडलेले नाते, पुन्हा जाणे, पूर्वीच्या नोंदींचा नव्याने अर्थ लावणे हे सारे या ज्ञानाचे अंगभूत भाग आहेत. ज्याला पुढील सत्रात आपण कोणत्या तालुक्यात असू हे ठाऊक नाही, त्याने गावकऱ्यांना 'पुन्हा येईन' असे कोणत्या आधारावर सांगावे?

ही अडचण आता पदवी स्तरापर्यंत आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रात आखलेल्या श्रेयांक आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांना स्थान आहे. समाजशास्त्राच्या दृष्टीने हे स्वागतार्हच आहे. परंतु विद्यार्थ्यांना वस्तीत घेऊन जाणे, तत्पूर्वी तेथील लोकांशी संवाद साधणे, नोंदी तपासणे ही कामे घड्याळी तासिकेत बसत नाहीत. ज्या अध्यापकाला केवळ वर्गातील तासाचे मानधन मिळते, त्याच्याकडून ती अपेक्षिली जातात. अशा स्थितीत प्रकल्प हा प्रश्नावलीच्या छायाप्रतींपुरता उरल्यास दोष केवळ अध्यापकाचा किंवा विद्यार्थ्याचा ठरत नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात हानी अंकांत दाखवता येते. आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीनुसार नियमित अध्यापकच मार्गदर्शक होऊ शकतो आणि प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व सहायक प्राध्यापक यांना अनुक्रमे ८, ६ व ४ विद्यार्थी घेता येतात. उदाहरणादाखल एक प्राध्यापक, दोन सहयोगी व चार सहायक प्राध्यापक अशी सात पदे मंजूर असलेला विभाग घेतल्यास आणि सर्वजण मार्गदर्शनास पात्र आहेत असे मानल्यास त्याची क्षमता ३६ विद्यार्थ्यांची होते. त्यांपैकी दोन्ही सहयोगी आणि तीन सहायक पदे रिक्त राहिल्यास ती १२ वर येते. वेळापत्रकात एकही तासिका रिकामी दिसत नाही. विभागाची संशोधनक्षमता मात्र एक-तृतीयांशावर आलेली असते. हंगामी नियुक्त्यांमुळे वेळापत्रक भरलेले राहते आणि त्यामुळेच हानी नजरेआड होते.

६. प्रवेशाचा सामाजिक प्रश्न

विद्यापीठाची दारे ज्यांच्यासाठी अलीकडे उघडली, त्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त व इतर मागास समूहांतील पहिल्या पिढीचे उच्चशिक्षित आणि स्त्रिया यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ रोजगाराचा नाही. आरक्षणाचे तत्त्व पदाशी जोडलेले आहे. पदच भरले जात नसेल, तर बिंदुनामावली कितीही बिनचूक असली तरी तिचा उपयोग काय? लहान विभागांत तर बिंदुनामावलीचे एकक हाही निर्णायक मुद्दा ठरतो. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हे एकक मानण्याचा निर्णय दिला, २०१८ मध्ये आयोगाने त्यानुसार आदेश काढला आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्या पद्धतीत चौथे पद इतर मागासवर्गास, सातवे अनुसूचित जातीस व चौदावे अनुसूचित जमातीस येते. म्हणजे तीन पदांच्या विभागात यांपैकी कोणासही स्थान नाही. देशव्यापी विरोधानंतर २०१९ मध्येच केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी संपूर्ण संस्था हे एकक मानणारा कायदा झाला. तो संघर्ष ज्या पदांसाठी झाला, ती पदे प्रत्यक्ष भरली जाणे ही त्याची पुढील पायरी आहे. ती न चढल्यास जिंकलेला हक्क कागदावर राहतो.

७. काही आक्षेप

पहिला आक्षेप आर्थिक आहे. राज्याच्या तिजोरीवरील भार वास्तव आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु तात्पुरती नियुक्ती तात्पुरत्या कामासाठी असते. पदवीच्या प्रत्येक वर्षी शिकवली जाणारी अनिवार्य अभ्यासपत्रिका हे कोणत्याही अर्थाने तात्पुरते काम नव्हे. काम कायम आणि कामकरी तात्पुरता, ही काटकसर नसून खर्च एका घटकावर ढकलण्याची रीत आहे.

दुसरा आक्षेप असा की, कायम झालेला अध्यापक निष्क्रिय होतो. या आक्षेपात तथ्य आहे आणि नियमित अध्यापकांनी तो प्रांजळपणे ऐकला पाहिजे. मात्र नियमिताच्या आळसाची शिक्षा हंगामी अध्यापकाला देणे हा त्यावरील उपाय नाही. उत्तरदायित्वासाठी मूल्यमापनाच्या तरतुदी आहेत. त्या औपचारिकतेपुरत्या उरल्या असतील तर सुधारणा तेथे हवी.

तिसरा आक्षेप विधिविषयक आहे. २००६ मध्ये कर्नाटक शासन विरुद्ध उमादेवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रीतसर प्रक्रियेविना झालेल्या नियुक्त्यांना नियमित होण्याचा हक्क नाही असे स्पष्ट केले. संधीच्या समानतेच्या दृष्टीने ही भूमिका समजण्याजोगी आहे. सरसकट नियमितीकरणाने बाहेर थांबलेल्या पात्रताधारकांवर अन्याय होऊ शकतो. परंतु या निर्णयाचा अर्थ पदे रिक्त ठेवण्याची मुभा असा होत नाही; पदे रीतसर भरावीत असा होतो. पुढे २०१६ मध्ये पंजाब शासन विरुद्ध जगजीत सिंग या प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामासाठी समान वेतनाचे तत्त्व लागू असल्याचे न्यायालयाने सांगितले. हे दोन्ही निर्णय एकत्र वाचल्यास मार्ग स्पष्ट होतो : नियुक्ती खुल्या स्पर्धेतून, आणि ती होईपर्यंत काम करणाऱ्यास समान मोबदला.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही गोष्टी सुचवता येतात. सलग तीन वर्षे कार्यभार सिद्ध झालेले पद ठरावीक मुदतीत जाहिरात देऊन भरले जावे. तोपर्यंतचे मानधन तासिकेवर न ठरवता आयोगाच्या ४० तासांच्या कार्यभाराशी निगडित असावे. कमी मानधनाच्या कारणावरून अनुभव नाकारणारी अट रद्द व्हावी. शासनस्तरावरील हे निर्णय होण्यास विलंब लागेल. परंतु विभागांना स्वतःच्या अधिकारात करता येण्याजोगे बरेच आहे. विभागाच्या बैठकीत हंगामी अध्यापकास मत मांडण्याचा अधिकार देणे, माहितीपत्रकात त्याचे नाव घालणे, तासिकेबाहेरच्या कामाची लेखी नोंद ठेवणे आणि अनुभवाचे प्रमाणपत्र वेळेवर देणे यांसाठी कोणत्याही शासन निर्णयाची आवश्यकता नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समाजशास्त्र विभागांनी हा विषय आपल्या अभ्यासकक्षेत घेतला पाहिजे. विभागात गेल्या वीस वर्षांत कोण कोण हंगामी म्हणून आले, किती काळ राहिले, कोणत्या सामाजिक स्तरांतून आले आणि पुढे कोठे गेले, एवढी साधी नोंदही एका लघुप्रबंधाचा विषय होऊ शकते. ती साधने विभागाच्या हजेरीपटांत व वेळापत्रकांत उपलब्ध आहेत. दूरच्या गावातील श्रमसंबंधांचा वेध घेणाऱ्या ज्ञानशाखेला शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याची स्थिती अभ्यासण्यास संकोच वाटत असेल, तर तो संकोच कोणाच्या सोयीचा आहे, हाच तिच्या पुढील संशोधनाचा पहिला प्रश्न असावा.